उतरवलेल्या तोफा

माझे मामा जहाजदुरुस्तीच्या कामात आयुष्यभर राहिले. माझगावात, भाऊच्या धक्क्याच्या अलीकडे, एका खासगी कारखान्यात ते फिटर होते. २०२५ साली १५ जानेवारीला मुंबईच्या नौदल गोदीत 'निलगिरी' ही नवी युद्धनौका दाखल झाली, तेव्हा तो सोहळा आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिला. मी त्या सुमाराला जुन्या फ्रिगेट नौकांच्या आधुनिकीकरणाविषयी वाचत होते आणि मोठ्या उत्साहाने मामांना सांगत होते, की आपल्या जुन्या 'तलवार'वर सत्तरच्या दशकात रशियन क्षेपणास्त्रं कशी बसवली. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसवलं ते कळलं गं. काढलं काय?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे मी कबूल करते. आरमाराचा इतिहास लिहिणारे काय बसवलं ते आवर्जून लिहितात. छायाचित्रंही नव्या यंत्रांचीच निघतात. जे उतरवलं, त्याची नोंद एखाद्या ओळीत उरकलेली असते. मामांच्या प्रश्नानंतर मी तीच पुस्तकं पुन्हा काढली आणि ती ओळ शोधत वाचू लागले. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घ्यायला हवी. युद्धनौका एकाच वयाची नसते. तिचा पोलादी सांगाडा नीट रंगवला, गंज खरवडला, झिजलेले पत्रे बदलले तर पंचवीस-तीस वर्षं सहज टिकतो. पण तिचं रडार, सोनार, तोफांना नेम देणारी यंत्रणा दहाएक वर्षांत शिळी होते, कारण समोरच्याने तोवर नवं काहीतरी आणलेलं असतं. शरीर तरुण आणि डोळे-कान म्हातारे, अशी तिची अवस्था. मग तिला नवे डोळे-कान द्यायचे ठरतं. पण जहाजात रिकामी जागा नसते. असलेलं वजनही अशा हिशेबाने मांडलेलं असतं, की वर चढवलं तर ते डोलू लागतं. एसटीच्या टपावर गावच्या जत्रेचं सामान लादलं, की वळणावर ती गाडी कशी झुकते ते आठवावं. जहाजाला तर वळणाचीही गरज नसते, लाट पुरते. म्हणून वर काही चढवायचं तर वरचंच काहीतरी उतरवावं लागतं. वीज लागते, ती जनित्रांकडे शिल्लक असावी लागते. यंत्रं तापतात, त्यांना गारवा लागतो. माणसं वाढतात, त्यांना झोपायला जागा लागते.

ही उठाठेव विसाव्या शतकातली नाही. तिचा एक फार जुना दाखला मुंबईतच घडलेल्या जहाजाचा आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधलं ओकचं लाकूड टंचाईत आलं आणि ब्रिटिश आरमाराने मलबारी सागाकडे मोर्चा वळवला. वाडिया कुटुंबाच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत 'ट्रिंकोमाली' ही शिडाची फ्रिगेट बांधायची होती. तिचे आराखडे १८१२ साली 'जावा' या जहाजातून इकडे पाठवले गेले. ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज जिंकलं, जाळलं आणि आराखडेही गेले. त्याच जहाजावर मुंबईकडे निघालेले जनरल हिस्लॉप कैद झाले होते. हेच हिस्लॉप पुढे महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिले. आराखडे पुन्हा मागवले गेले. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१६ साली काम सुरू झालं, पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. खडकीची लढाई त्यानंतर चोवीस दिवसांनी झाली. पेशवाई संपायला आली असताना मुंबईच्या बंदरात काय चाललं होतं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत शेजारी शेजारी वाचायला मिळत नाही, म्हणून हा उल्लेख.

हे जहाज इंग्लंडला पोचलं तेव्हा युद्ध संपलं होतं. पाव शतकाहून अधिक काळ ते नुसतं बांधून ठेवलेलं होतं. १८४५ साली त्याला कामाला लावायचं ठरलं, तेव्हा त्याचा सांगाडा ठणठणीत होता आणि शस्त्रसज्जता कालबाह्य. मग पिछाडीचा आकार बदलला आणि तोफा ४६ वरून २६ वर आणल्या. उरल्या त्या अधिक जड माऱ्याच्या. फ्रिगेट म्हणून जन्मलेलं जहाज दर्जाने एक पायरी उतरून कॉर्वेट झालं आणि त्या बळावर दहा वर्षं अटलांटिक-पॅसिफिकमध्ये फिरलं. पुढे प्रशिक्षण नौका म्हणून ते विसाव्या शतकातही वापरात राहिलं. आज ते इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. मुंबईचा साग अजून पाण्यात आहे.

आता 'तलवार'. १९५९ साली ब्रिटनमधून आपल्याकडे आलेली ही फ्रिगेट आणि तिची बहीण 'त्रिशूळ' मूळच्या पाणबुडीविरोधी कामासाठीच्या. १९७१ च्या डिसेंबरात, ८ तारखेच्या रात्री, कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्यात या दोघी 'विनाश' या छोट्या क्षेपणास्त्र नौकेच्या सोबतीला होत्या. खरं काम 'विनाश'ने केलं. मोठ्या जहाजांनी पाहिलं, की आपल्यापेक्षा कितीतरी लहान नौका क्षितिजापलीकडून काय करू शकते. ती नौका मात्र खवळलेल्या समुद्रात फार टिकणारी नव्हती आणि तिला दूरवर स्वबळावर जाता येत नसे. म्हणून काही वर्षांनी असा विचार झाला, की हीच क्षेपणास्त्रं मोठ्या जहाजावर का ठेवू नयेत? ओसा वर्गाच्या एका क्षेपणास्त्र नौकेवरची सामग्री उतरवून ती 'तलवार'वर चढवली गेली. ब्रिटिश जहाज, रशियन क्षेपणास्त्र आणि जोडणारे हात आपल्या गोदीतले. दोन वेगळ्या देशांनी, एकमेकांशी वैर धरून, बनवलेल्या वस्तूंची ही सोयरीक होती. मूळ बनवणाऱ्यांपैकी कोणीही ती कल्पिली नव्हती.

काढलं काय? पुढच्या डेकवरची साडेचार इंची जोडतोफ. चाळीस टनांहून जड असा तो मनोरा गेला आणि त्या जागी तीन 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं आली. एकेक क्षेपणास्त्र अडीच टनांच्या आसपास, पल्ला चाळीसेक किलोमीटर. कागदावर हा सौदा उत्तमच. पण तीन म्हणजे तीनच. ती सुटली की जहाजाच्या पुढच्या भागात मोकळे पिंजरे उरतात. तोफेचे गोळे शेकड्यांनी असतात. आणि तोफेला एक काम येतं, जे क्षेपणास्त्राला कधीच जमत नाही. समोरच्या जहाजाच्या नाकासमोर पाण्यात गोळा टाकून 'थांब' म्हणणं. क्षेपणास्त्राला इशारा देता येत नाही. ते एकतर सुटत नाही, नाहीतर लागतं.

ब्रिटिशांनी हाच सौदा फार मोठ्या प्रमाणावर केला. त्यांच्या लिअँडर वर्गाच्या २६ फ्रिगेट १९६३ ते १९७३ या काळात बांधल्या गेल्या. आपली पहिली 'निलगिरी' याच घराण्यातली. यातल्या निम्म्याहून अधिक जहाजांचं आयुष्याच्या मध्यावर रूपांतर झालं. काहींवर ऑस्ट्रेलियन 'इकारा', काहींवर फ्रेंच 'एक्झोसेट', आणि शेवटच्या पाचांवर 'एक्झोसेट'च्या जोडीला 'सी वुल्फ'. प्रत्येक रूपांतरात पुढची जोडतोफ गेली. 'अँड्रोमेडा' हे या शेवटच्या पाचांतलं पहिलं जहाज. त्याला डेव्हनपोर्टच्या गोदीत तीनेक वर्षं लागली आणि खर्च मूळ बांधणीच्या कित्येक पट झाला. महागाईचा भाग वजा केला तरी आकडा डोळे फिरवणारा होता. १९८१ साली संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी जुन्या फ्रिगेटचं मध्यायुष्यातलं आधुनिकीकरण थांबवलं. उरलेली पाच रुंद लिअँडर जहाजं तशीच राहिली, आपल्या जुन्या तोफेसकट.

पुढच्याच वर्षी फॉकलंडचं युद्ध झालं. किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याला रात्री तोफांचा आधार हवा होता, आणि ब्रिटिश आरमाराला कळलं की आपल्या आधुनिक जहाजांपैकी कित्येकांकडे तोफच नाही. 'प्लिमथ' आणि 'यार्मथ' या 'तलवार'च्याच घराण्यातल्या म्हाताऱ्या नौकांनी मात्र आपल्या जोडतोफा भरपूर वापरल्या. युद्धानंतर ब्रिटनने नव्या फ्रिगेटवर तोफ परत आणली. न सुधारलेल्या त्या पाच लिअँडरांचं काय झालं, हे पाहताना मला हसू आलं. एक न्यूझीलंडने घेतली, दोन चिलीने, दोन पाकिस्तानने. पाकिस्तानने घेतलेल्या 'झुल्फिकार' आणि 'शमशेर' झाल्या आणि आपल्या निलगिरी वर्गाच्या मावसबहिणी अरबी समुद्राच्या दुसऱ्या काठावर उभ्या राहिल्या. अफाट खर्च करून सुधारलेल्यांपैकी 'सिला' कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ २००४ साली मुद्दाम बुडवली गेली, माशांना घर आणि पाणबुड्यांना पर्यटन म्हणून. 'अँड्रोमेडा'चा शेवट आपल्याकडे आहे, त्याकडे येते.

डेव्हनपोर्टबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिची नोंद आधुनिकीकरणाच्या इतिहासात क्वचित येते. वाफेवरच्या जहाजात मैलोगणती नळ्या, आणि त्या नळ्यांभोवती उष्णता अडवायला अॅस्बेस्टॉसचं वेष्टण. नवी बांधणी करताना ते गुंडाळलं जातं. जुन्याची दुरुस्ती करताना ते फोडून काढावं लागतं, बंद खोलीत, कोरडं, धुळीसकट. १९६० च्या दशकातच डेव्हनपोर्टच्या गोदी-कामगारांमधल्या अॅस्बेस्टॉसजन्य फुप्फुसविकारांचा वैद्यकीय अभ्यास झाला होता. काय काढलं या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे. काढणाऱ्यांच्या छातीत ते राहिलं.

'खुकरी'विषयी लिहिणं मला अवघड गेलं. दीवला टेकडीवर तिचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. मी गेले तेव्हा शाळेची सहल आली होती आणि मुलं काचेला नाक लावून जहाजावरच्या तोफा मोजत होती. मोजण्यासारख्या फार नव्हत्याच. 'खुकरी' ही ब्रिटिशांनी पन्नासच्या दशकात काटकसरीने आखलेल्या लहान पाणबुडीविरोधी फ्रिगेटपैकी एक. एकच प्रोपेलर, मोठी तोफ नाही. पाणबुडी शोधायची आणि मारायची, एवढंच तिचं काम. ते काम तिच्या सोनारवर अवलंबून, आणि १९७१ पर्यंत तो सोनार जुना झालेला. समोर पाकिस्तानची फ्रेंच बनावटीची 'हँगोर', तिचं ऐकू येणं 'खुकरी'पेक्षा खूप लांबचं.

नवा सोनार मिळत नव्हता. तेव्हा एका तरुण लेफ्टनंटने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने असलेल्याच सोनारचा पल्ला वाढवणारं उपकरण तयार केलं होतं आणि ते 'खुकरी'वर लावलं होतं. जुन्या जहाजाचं आयुष्य वाढवण्याचा याहून देशी, याहून स्वस्त प्रयत्न दुसरा नसेल. पण सोनारला स्वतःच्या जहाजाचा आवाज नको असतो. नीट ऐकायचं तर हळू चालायला हवं. पाणबुडीच्या शोधातल्या जहाजाने वेगाने, नागमोडी चालावं हा धडा आणि नव्या उपकरणाची गरज यांचा मेळ बसत नव्हता. ९ डिसेंबरच्या संध्याकाळी 'खुकरी' सुमारे बारा नॉटने चालत होती. रात्री पावणेनऊच्या पुढे 'हँगोर'चा टॉर्पेडो लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यात तो लेफ्टनंट होता आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही होते, ज्यांनी जहाज सोडलं नाही.

त्या वेगाबद्दल नंतर बराच वाद झाला. कोणाचं चुकलं, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. माझं लक्ष एवढ्यावर आहे, की इथे काहीच उतरवलं नव्हतं असं वाटतं. उपकरण लहान होतं, कुठलीही तोफ हलवावी लागली नाही, गोदीत महिने गेले नाहीत. पण मामांच्या प्रश्नाला इथेही उत्तर होतं. काढला तो वेग. तो वजनाच्या वहीत लिहिला जात नाही.

यानंतरचा भाग जरा सुखाचा आहे. माझगाव गोदीत बांधलेली पहिली 'निलगिरी' जून १९७२ मध्ये दाखल झाली. ती जवळजवळ ब्रिटिश आराखड्याबरहुकूम होती. पण सहाव्या बहिणीपर्यंत, १९८१ च्या 'विंध्यगिरी'पर्यंत पोचताना आपल्या लोकांनी तो आराखडा इतका उसवला आणि शिवला, की शेवटच्या दोघी वेगळ्याच दिसू लागल्या. 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी'वर मोठं 'सी किंग' हेलिकॉप्टर हवं होतं. त्यासाठी मागचा पाणबुडीविरोधी उखळी मारा काढला, डेक मागेपर्यंत नेला, सरकती शेड केली आणि पाणबुडीसाठी पुढे स्वीडिश रॉकेटं बसवली. पुढची तोफ राहू दिली. मला वाटतं, आपल्या नौदलाचे जहाजरचनाकार कागदावर कमी आणि अशा काढघालीत जास्त शिकले. त्या शिकण्यातून १९८३ साली 'गोदावरी' आली, भारतात आखलेली पहिली फ्रिगेट. लिअँडरपेक्षा तेरा मीटरांहून अधिक लांब, साडेतीन हजार टनांपलीकडची, पण वाफेचं यंत्र तेच जुनं. इतक्या मोठ्या जहाजाला ते पुरेल का, ही धास्ती होती. प्रत्यक्षात वेगात एखाद्या नॉटचाच फरक पडला. तिच्यावर रशियन क्षेपणास्त्रं होती, रशियन तोफ होती आणि पाश्चात्त्य व भारतीय इलेक्ट्रॉनिक सामग्री होती. रशियन यंत्रांना ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज लागायची, पाश्चात्त्यांना ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. एकाच घरात दोन चुली मांडल्यासारखा तो संसार 'तलवार'वर सुरू झाला आणि 'गोदावरी'त रीतसर झाला.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव फसल्यावर भाडोत्री सैनिक ओलिसांना घेऊन 'प्रोग्रेस लाईट' या मालवाहू जहाजातून पळाले. त्यांना गाठायला 'गोदावरी' गेली आणि तिच्याबरोबर १९६० सालची जुनी 'बेतवा'. जहाजावर ओलीस होते. 'गोदावरी'च्या चार क्षेपणास्त्रांचा तिथे काडीचा उपयोग नव्हता. काम केलं तोफांनी.

'अँड्रोमेडा' १९९५ साली आपल्याकडे आली. क्षेपणास्त्रं उतरवलेली होती, नाव 'कृष्णा' ठेवलं. तीन वर्षं खपून, एवढा पैसा ओतून तिच्यावर जे काही बसवलं होतं, त्यातलं मुख्य काढूनच तिला तिसरं आयुष्य मिळालं. कोचीला ती २०१२ पर्यंत शिकाऊ अधिकाऱ्यांना समुद्र शिकवत होती. आपली स्वतःची पहिली 'निलगिरी' तोवर नव्हती. १९९७ साली तिला नेमबाजीचं लक्ष्य करून बुडवलं होतं.

वयस्क जहाजाला सगळ्यात मोठा धोका कुठे असतो, असं मी मामांना विचारलं, तेव्हा त्यांनी समुद्र म्हटलं नाही. "गोदीत," म्हणाले. "समुद्रात ते जहाज असतं. गोदीत ते अर्धं जहाज असतं." ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत नवी 'बेतवा' रिफिट चालू असताना सुक्या गोदीतून बाहेर निघताना कलंडली आणि दोन नौसैनिक गेले. २१ जुलै २०२४ रोजी त्याच वर्गाच्या 'ब्रह्मपुत्रा'ला रिफिटमध्येच आग लागली, ती विझल्यावर जहाज एका कुशीवर झुकलं, आणि एक नौसैनिक गेला. 'बेतवा' उभी करून पुन्हा कामाला लावली गेली. दोन्ही जहाजं शत्रूच्या माऱ्याशिवाय, धक्क्याला लागून आडवी झाली होती. रिफिटमध्ये खालची जड यंत्रं बाहेर काढलेली असतात, टाक्या रिकाम्या असतात, दारं उघडी, केबलींसाठी भिंतींना भोकं पाडलेली. त्या वेळी जहाजाचा तोल रोज बदलतो, आणि आग विझवायला ओतलेलं पाणी वरच्या मजल्यांवर साचलं तर तेही एक वजनच. १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' हे अवाढव्य प्रवासी जहाज सैन्यवाहू करताना असंच पेटलं आणि विझवण्याच्या पाण्याने उलटलं होतं.

म्हणूनच दुरुस्तीत काढलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन लिहून ठेवतात. मामांकडे त्यांच्या कारखान्यातल्या दिवसांची एक खाकी पुठ्ठ्याची वही अजून आहे. एका मालवाहू बोटीच्या कामाची पानं त्यांनी मला उघडून दाखवली. डावीकडे 'काढले', उजवीकडे 'बसवले', आणि दोन्हीकडे किलोचे आकडे. उजवी बाजू अर्ध्या पानात संपली होती. डावी बाजू पुढच्या दोन पानांवर चालू होती, आणि एका ओळीपुढे आकडा नव्हता, नुसतं लिहिलं होतं, 'वजन केले नाही'.

"हे कशाचं?" मी विचारलं.

मामांनी चष्मा लावला, वही जवळ घेतली आणि बराच वेळ ती ओळ पाहत राहिले.